फ्रीजमधली खळ

किस्से कुणी ठरवून गोळा करत नाही. ते आपोआप साठतात. माझे मात्र फ्रीजमध्ये साठले, स्टीलच्या डब्यात!

मी अंबरनाथच्या आनंदनगर एमआयडीसीत क्वालिटी कंट्रोलला आहे. कंपनी हेअर जेल बनवते. घर बदलापूरला, आई, आप्पा, मी आणि बायको सुनीता.

सुनीता बरेच दिवस जवळ येणं टाळत होती. मला वाटलं, माझा कंटाळा आला. शेवटी तीच मला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. "पाळी जायच्या वयात कोरडेपणा येतो, त्यांना दुखतं. त्या वेळी लावायचं वॉटर-बेस्ड जेल आणा," बाई म्हणाल्या. दुखतंय हे तिने मला सांगितलं नव्हतं आणि मीही कधी विचारलं नव्हतं. फार वाईट वाटलं.

*

बदलापुरात आमच्या मेडिकलवाल्याची आई माझ्या आईच्या भजनी मंडळात. म्हणून मी थेट उल्हासनगर कॅम्प एक गाठला. तिथे मला कोण ओळखतंय!

"बोलो साईं, क्या चाहिए?" दुकानदार ओरडला. मागे चार बायका उभ्या. मी समोर दिसेल त्या बाटलीकडे बोट दाखवलं आणि पैसे देऊन सटकलो.

घरी येऊन पिशवी दिली. सुनीताने आतली बाटली काढली. डोकेदुखीचा बाम!

"अहो, हे लावलं तर उरलंसुरलंही संपेल!"

*

मग मी छाती काढून म्हणालो, "बाजारात कशाला जायचं? अगं, माझा धंदाच जेलचा!"

सुनीताने डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्या आधी पोटभर हसल्या. मग म्हणाल्या, "नुसतं कॉर्नफ्लोअर आणि पाणी नीट शिजवा, पूर्ण गार करा. साखर, तेल, वास काही नको. फ्रीजमध्ये ठेवा आणि दोन दिवसांत टाकून द्या. जळजळ झाली तर लगेच बंद."

मी पीठ सरळ उकळत्या पाण्यात ओतलं. पातेलंभर गुठळ्या! कंपनीत असली बॅच दिसली तर मी ऑपरेटरला सोडत नाही.

सुनीताने डाव बुडवून बघितलं. "मंचुरियन तेवढं टाकायचं राहिलं."

*

दुसरी बॅच रविवारी दुपारी. आई-आप्पा शहाडला लग्नाला गेलेले. या वेळी पीठ आधी गार पाण्यात कालवलं. अगदी काचेसारखं जेल!

पण अंगात मुरलेलं क्वालिटी कंट्रोल जातं कुठे? मी हातमोजे चढवले. चमच्यावरून धार सोडून बघितली. पीएच पेपर बुडवला. "पाच मिनिटं, सेटल होऊ दे," असं आतल्या खोलीकडे बघून तीनदा तरी म्हणालो.

माल पास करून आत गेलो तर सुनीता घोरत होती.

*

फ्रीजमध्ये ठेवलेला तो जेलचा डबा सोमवारी आईच्या हाती लागला. संध्याकाळी येऊन बघतो तर गॅलरीत तिच्या सगळ्या सुती साड्या पत्र्यासारख्या ताठ!

"सुनीता, खळ काय झकास केलीस गं!"

सुनीताला राहवलं नाही. तिने आईला स्वयंपाकघरात नेऊन खरं सांगून टाकलं. मी दाराआड, मेल्याहून मेल्यासारखा. आईने सगळं ऐकून घेतलं. मग एवढंच म्हणाली, "आमच्या वेळी कुणी सांगितलंच नाही बाई."

*

तिसरी बॅच सुनीताने स्वतः केली आणि मला ओट्याजवळ फिरकू दिलं नाही. पुढचं सांगत नाही. पण दुसऱ्या दिवशी माझ्या डब्यात न मागता शिरा होता आणि भाजी चिरताना ती गुणगुणत होती.

*

परवाची गोष्ट. आम्ही चहा घेत होतो. आई फ्रीजपाशी आली.

"सुनीता, त्या खळीतली वाटीभर मला काढून दे."

मी कपात तोंड घातलं.

"आई, साड्या तर सगळ्या झाल्या ना?" सुनीताने विचारलं.

"झाल्या की," आई म्हणाली. वाटी पदराखाली घेऊन आप्पा टीव्ही बघत होते त्या खोलीत ती गेली आणि तिने आतून कडी लावली.

जरा वेळाने आत आप्पांनी टीव्हीचा आवाज मोठा केला.