मौनीबाबांचा कागद

आमच्या शेजारच्या मौनीबाबांनी इस्पितळाच्या लॉन्ड्रीत चौतीस वर्षं चादरींचं इस्त्रीयंत्र चालवलं. एवढ्या काळात ते जे बोलले ते एका पोस्टकार्डावर मावलं असतं. हे नाव त्यांना बायकोने दिलं, आणि तेही प्रेमाने नव्हे.

निवृत्तीला आठ दिवस उरले तेव्हा मॅनेजरने फर्मान काढलं, यंत्र कसं चालवायचं ते लिहून द्या. त्यांच्या जागी येणार होता त्यांचाच मेहुणा. त्याच्या तोंडाचा पट्टा सतत चालू आणि हात कुठे आहेत याचं भान नाही. यंत्राचे दोन तापलेले रूळ एकमेकांवर फिरत असतात. त्यात सापडलेली बोटं मौनीबाबांनी एकदा पाहिली होती.

"माझ्या भावाची दहाही बोटं मला हवीत," बायकोने बजावलं. "तेवढ्यापुरतं तरी तोंड उघडा."

तोंडाऐवजी त्यांनी मुलीचा फोन उघडला. त्यातल्या एआयला दोन ओळी सांगितल्या. चहाला उकळी येईपर्यंत बारा पानं तयार! 'सुरक्षितता ही आपणा सर्वांची सामूहिक जबाबदारी आहे' अशी सुरुवात. मॅनेजर वाचून गहिवरला. मौनीबाबांनी मात्र शेवटपर्यंत वाचून चष्मा काढला.

"यात हिरवं बटण दाबायला सांगितलंय. आपल्या यंत्राला हिरवं बटण नाही."

"अहो दाजी, बसवून घेऊ की!" मेहुणा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मुलीला एआयसाठी टाइप करायला सांगितलं, "तू लिहू नकोस. तुला यातलं काही येत नाही असं समज आणि मला विचार." मग हा माणूस दोन तास उत्तरं देत बसला.

बायको दारातून ऐकत होती. "मी एवढं विचारलं असतं तर घर सोडून गेला असतात."

"तू विचारतेस आणि उत्तरही तूच देतेस."

सतराव्या प्रश्नाला गाडी अडली. चादर रुळांत अडकली तर यंत्र बंद करून काढता, की चालू असतानाच?

मौनीबाबा चालू असतानाच काढत. हात कधी घालायचा ते आवाजावरून कळायचं. तो आवाज कागदावर कसा उतरवायचा?

"बाबा, काय लिहू?"

"बंद करून." मग म्हणाले, "नको. खरं लिही. मी चालू असताना काढतो. चुकतं माझं. दुसऱ्याने तसं करू नये."

शेवटी एकच पान झालं. तेही त्यांनी स्वतःच्या अक्षरात उतरवलं आणि तपासायला माझ्याकडे आणलं. जन्मभर निबंध तपासले, पण एकही शब्द जास्तीचा नसलेला कागद हातात आला तो हाच. मेहुण्याने तो यंत्राशेजारच्या भिंतीवर चिकटवला आणि आल्यागेल्याला वाचून दाखवू लागला.

शेवटच्या दिवशी दुपारी चादर अडकली. सवयीने मौनीबाबांचा हात फिरत्या रुळांकडे गेला.

"दाजी!" मेहुणा किंचाळला. "सातवी ओळ वाचा आधी!"

मौनीबाबांनी हात मागे घेतला, मुकाट्याने यंत्र बंद केलं आणि मग चादर काढली.

संध्याकाळच्या निरोप समारंभात मॅनेजरने ती बारा पानं मोठ्याने वाचून दाखवली, हिरव्या बटणासकट. मेहुण्याने दहाही बोटांनी टाळ्या वाजवल्या.