शालूताईंची पाठ आणि सायलीचा खांदा

अमेरिकेत लोक गाडीसाठी गॅरेज बांधतात आणि त्यात गाडी सोडून बाकी सगळं ठेवतात. माझ्या डोक्याचंही तेच झालंय. कामाच्या गोष्टी बाहेर बर्फात उभ्या, आत नुसते किस्से! परवा मुलगा वैतागून म्हणाला, "बाबा, गोळीची वेळ लक्षात राहत नाही आणि हे बरं लक्षात राहतं!" म्हटलं, गोळी घेऊन कधी हसू आलंय का तुला?

तर हे किस्से आमच्या मॉल कंपनीचे. इथे नेपरव्हिल गावात हिवाळ्यात बाहेर चालायला गेलं, की माणूस घसरतच घरी येतो. म्हणून आम्ही म्हातारे सकाळी, दुकानं उघडायच्या आत, मॉलमध्ये फेऱ्या मारतो. मी नाना. एसटीच्या डेपोत मेकॅनिक होतो, शिक्षण नववी, तीही दोनदा! दुसरे देशपांडे साहेब, पुण्याचे, बँकेत मॅनेजर होते. अजूनही चालताना कुणी पुढे गेलं की त्यांना मेमो द्यावासा वाटतो. तिसऱ्या साताऱ्याच्या शालूताई. त्यांची नात सायली इथेच जन्मलेली, सव्वीस वर्षांची. नोकरीनं फिजिकल थेरपिस्ट आणि नादानं रग्बी लीगची खेळाडू.

रग्बी लीग म्हणजे तेरा विरुद्ध तेरा, अंड्यासारखा बॉल, ना हेल्मेट ना पॅड. बॉल घेऊन पळणारीला बाकीच्यांनी धरून पाडायचं. अमेरिकेत हा खेळ खेळणारे थोडे आणि बघणारे त्याहून थोडे. त्या थोड्यांत आम्ही तिघं!

*

सुरुवातीला सायलीनं घरी सांगितलंच नव्हतं. एका सोमवारी डोळ्याखाली हे एवढं काळंनिळं घेऊन ती कामावर गेली. गुडघ्याचं ऑपरेशन झालेले एक गोरे आजोबा व्यायामाला आले होते. त्यांनी तिचं तोंड बघितलं, आपला गुडघा बघितला आणि म्हणाले, "डॉक्टर, आज तुम्हीच झोपा. व्यायाम मी घेतो!"

*

पहिल्या मॅचला साहेबांनी नियमांचे प्रिंटआउट काढून आणले. फाईलला लावून! ग्राउंडवर खुर्ची टाकून वाचायला लागले.

"हे बघा नाना, हातानं बॉल पुढे फेकायचा नाही. फक्त मागे."

"म्हणजे तुमच्या ब्रँचमधला कर्जाचा अर्ज!" मी म्हटलं.

साहेबांनी चष्म्यावरून बघितलं. "आणि सहा वेळा पाडल्यावर बॉल समोरच्यांना द्यावा लागतो."

"तुमच्याकडे कितीदा पाडायचे?"

साहेब फाईल मिटत म्हणाले, "आमच्याकडे मोजत नसत."

*

त्याच मॅचमध्ये एक गडबड झाली. साहेब मैदानाच्या कडेच्या प्लॅस्टिकच्या टॉयलेटमध्ये गेले आणि नेमका तेव्हाच सायलीनं रेषेपलीकडे बॉल टेकवला. त्याला ट्राय म्हणतात, चार पॉइंट! साहेब परत आले, तर सगळे नाचतायत.

आता तुम्हीच सांगा. क्रिकेट बघताना विकेट पडली तेव्हा जो जिथे होता, त्याला आपण तिथून हलू देतो का? मग! पुढच्या मॅचपासून आमची टीम रेषेजवळ पोचली, की मी आणि शालूताई एकदम ओरडायचो, "साहेब, जाऊन या!"

"अहो, आत्ताच आलो मी!"

"देशासाठी समजा!"

बिचारे जायचे. आतून फोन करायचे, "झाला का?" मी म्हणायचो, "अजून नाही, बसा." एकदा तर ट्राय होऊन दहा मिनिटं झाली होती, तरी मी "बसा, बसा" करत होतो! बाहेर लाइन लागली. साहेब चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत. पण पाचव्या दिवशी मॉलमध्ये स्वतःच म्हणाले, "शनिवारी मी पाणी कमी पिऊ की जास्त?"

*

शालूताईंचं प्रकरण मात्र वेगळं. एरवी त्या बोटांच्या फटीतून बघायच्या; धड डोळे उघडे ठेवून मॅच बघितली ती एकदाच, गेल्या वर्षी. पाच मिनिटं झाली असतील नसतील, सायलीचा उजवा खांदा निखळला. ऑपरेशन झालं. शालूताईंनी त्याच दिवशी ठरवलं, की दोष आपल्या नजरेचा. मॅचला यायचं, पण बघायचं नाही!

म्हणून त्या मैदानाकडे पाठ करून बसतात. तोंड पार्किंगकडे. एका गोऱ्या बाईंनी काळजीनं सांगितलं, "मॅम, गेम तिकडे चाललाय." शालूताई हसून म्हणाल्या, "यू वॉच गेम. आय वॉच कार्स!" त्या बाई आपल्या गाडीची किल्ली देऊन जातात की काय, असं मला वाटलं.

तेव्हापासून कॉमेंटरी माझ्याकडे. सायलीच्या अंगावर चार पोरी बसलेल्या असायच्या आणि मी सांगायचो, "सायली उभी आहे हो, एकटीच. केस बांधतेय."

"किती वेळा बांधते ती केस!" शालूताई म्हणायच्या. "मॅचला येताना नीट बांधता येत नाहीत?"

*

आणि या उन्हाळ्यात सायलीला अमेरिकेच्या टीममध्ये घेतलं. कॅनडाविरुद्ध! टीमचा शर्ट आला, घरात पेढे झाले. पण सर्जननं तिला बजावलं होतं, खांदा आणखी एकदा निखळला तर खेळ कायमचा बंद. सायली आजीला म्हणाली, "आजी, चिल. इट्स जस्ट कॅनडा."

साहेब म्हणाले, "कॅनडात माझी मेहुणी असते. तिथले लोक पोटभर खायला घातल्याशिवाय सोडत नाहीत."

मॅचच्या दिवशी कॅनडाची आठ नंबरची पोरगी मैदानात उतरली. सहा फूट उंच, दंड माझ्या मांडीएवढे. साहेब माझ्या कानात म्हणाले, "ही जेवून आलेली दिसते."

*

शालूताई पार्किंगकडे तोंड करून बसल्या. हातात रुमाल, त्याची सुरळी करतायत, सोडतायत. मी सुरू झालो. "सायली उभी आहे... वारा छान आहे... सायली उभीच आहे."

शेवटची वीस मिनिटं राहिली. आपण दोन पॉइंटांनी पुढे. आठ नंबरची बॉल घेऊन निघाली आणि सरळ सायलीच्या अंगावर! मी डेपोत बसवर बस आदळताना बघितलीय, पण हा आवाज वेगळाच होता. दोघी खाली. वरून आणखी तिघी पडल्या. शिट्टी झाली. मैदानावरचा पांढऱ्या टी-शर्टवाला डॉक्टर बॅग घेऊन धावला.

साहेबांनी माझी बाही घट्ट धरली.

"नाना, बोला," शालूताई पाठमोऱ्याच म्हणाल्या.

मी नुसता त्या ढिगाकडे बघत होतो.

"नाना! तुम्ही खोटंसुद्धा बोलत नाही, म्हणजे काहीतरी झालंय!"

आणि शालूताई उठल्या. खुर्ची पडली. वर्षभरात पहिल्यांदा त्यांनी मैदानाकडे तोंड केलं.

वरच्या तिघी बाजूला झाल्या. एकजण उभी राहिली. सायली! तिनं उजवा खांदा एकदा गोल फिरवला, मग दुसऱ्यांदा, आणि तोच हात वर करून टी-शर्टवाल्याला खूण केली, मी ठीक आहे, तिला बघ. खाली बसून राहिली होती आठ नंबरची! दम लागलेला, पाय पसरलेले.

शालूताईंनी सायलीकडे बघितलं, आठ नंबरच्या पोरीकडे बघितलं, परत सायलीकडे बघितलं.

"नाना," त्या म्हणाल्या, "ही खरंच उभी आहे की हो!"

साहेब डोळे पुसत म्हणाले, "धूळ फार आहे या ग्राउंडवर." ग्राउंडवर गुडघ्याएवढा चिखल होता!

मग ती वीस मिनिटं शालूताई मैदानाच्या कडेच्या दोरीला पोट लावून उभ्या राहिल्या. पहिली पाच मिनिटं नुसत्या बघत होत्या. मग "धर!" मग "खाली धर!" मग साताऱ्यात ज्याला शुद्ध मराठी म्हणतात, ते सुरू झालं. दोन पॉइंटांनी जिंकलो आपण. खांदा जागेवर!

*

मॅच संपल्यावर आठ नंबरची बरगडीवर बर्फाची पिशवी धरून सायलीबरोबर आमच्याकडे आली. स्वभावानं गरीब पोर. सायली म्हणाली, "धिस इज माय आजी."

शालूताईंनी तिला वरपासून खालपर्यंत बघितलं. "सायली, हिला सांग, छाती पुढे काढून पळू नये. असंच बसवणार कुणीही. गुडघ्यात वाकून यायचं, भरलेला हंडा उचलताना वाकतो तसं."

"आजी! शी इज द अदर टीम!"

"तू सांग."

सायलीनं सांगितलं. आठ नंबरच्या पोरीनं गंभीरपणे ऐकून घेतलं. मग बर्फाची पिशवी साहेबांच्या हातात दिली, दोन पावलं मागे गेली आणि वाकून दाखवलं. "लाइक धिस, मॅम?"

शालूताई पुढे झाल्या. ती वाकली तरी त्यांचं डोकं तिच्या खांद्याखालीच येत होतं. त्यांनी टाचा उंचावल्या, तिच्या खांद्यावर तळहात ठेवला आणि दाबला.

"अजून खाली, बाळ," त्या म्हणाल्या. "अजून!"