अक्काची बस आन डोंगरावरचा हत्ती

हत्ती कवा येनार ह्ये फॉरेस्टवाल्यांच्या आदी सांगनारा आमच्या गावात म्या एकटाच. त्या हुशारीपायी सख्खी भन घालवली, ती गोष्ट येगळी.

आमचं गाव नंदिगड्ड्याकडच्या रानात. भातात दाना भरला की म्या शेतातल्या माळ्यावर डबा बडवत बसतो. डुक्कर पळतंय, गवा जरा इचार करतोय, हत्ती मातूर माज्याकडं बघत बघत खातोय. बायको म्हनती, "त्येला वाटतंय, जेवताना वाजंत्री लावलीया."

माजी थोरली भन, अक्का, रामनगरकडं दिलीया. आमच्या घरात पैली कनसं घरच्या लेकीनं कापायची, दाराला बांधायची, मगच नवं भात शिजवायचं. म्हनून भात पिवळं झालं की अक्का यायची. एका साली ती आली आन मागनं हत्ती आला. फुडच्या साली बी तसंच. म्या चहाच्या टपरीवर बोलून गेलो, "अक्का बशीतनं उतरली की हत्ती डोंगरावनं उतरतोय. दोघांचं तिकीट एकच हाय."

लोकं पोट धरून हसली. मला शाळा न्हाई, अक्कल बी बेताचीच, पर हसवाय येतंय. मग म्या सुटलोच. लग्नात त्येच, बाजारात त्येच, मयताला गेलो तिथं बी त्येच.

सांगून सांगून त्यातली गंमत गेली आन लोकास्नी ते खरंच वाटाय लागलं. फुडं हत्तीनं शेजाऱ्याचं शेत तुडवलं. सकाळीच त्येची बायको आमच्या अंगनात आली. अक्का दाराला कनसं बांधत हुती. तिला म्हनाली, "अक्का, फुडच्या साली आमचं भात घरात येऊ दे, मग या की."

अक्कानं माज्याकडं बघितलं. म्या एक शब्द बोललो असतो तर बास हुतं. पर मला बी आतनं तसंच वाटाय लागलं हुतं. माजीच थट्टा मलाच पटलेली. म्या खाली बघून बिडी हुडकत बसलो. बिडी कानावरच हुती.

फुडच्या साली फोन केला तर अक्का म्हनाली, "गुडघं दुखत्यात रं. तुमीच कापा." बायकोनं कनसं कापली, पर तिचं काय मन लागलं न्हाई. आन त्याच आठवड्यात हत्ती आला. ह्या खेपेला तर हत्तीन आन पिल्लू बी संगं घिऊन.

माळ्याखालनं बायको वरडली, "आता ह्यो कुठल्या बशीतनं आला वो?"

म्या डबा हातात धरून तसाच बसलो. वाऱ्यावर पिकल्या भाताचा वास सुटला हुता. त्योच वास हत्तीला डोंगरावनं आनतोय. आन त्येच पिवळं भात बघून आमी अक्काला फोन करत हुतो. अक्का काय हत्तीला आनत न्हवती. दोघास्नी भातच आनत हुतं. सगळा जन्म माळ्यावर गेला, पर ह्ये कळाय अक्का यायची थांबावी लागली.

उरल्या भातातली चार कनसं टावेलात गुंडाळली आन रामनगरची बस धरली. अक्का पडवीत फनसाच्या बिया सोलत बसली हुती. म्या कनसं तिच्या फुड्यात ठिवली.

"अक्का, हत्ती तुज्यामुळं येत न्हवता."

"ते मला तवाच ठावं हुतं."

"मग गुडघ्याचं निमित्त कशाला काढलंस? फुडच्या साली ये की."

अक्कानं कनसाकडं बघितलं, हात काय लावला न्हाई.

"हत्तीला हाकलाय जन्मभर डबा बडवलास, त्यो कवा हालला न्हाई. मला हाकलाय तुजं नुसतं तोंड पुरलं."