भावजींची तेलाची नळी

आमच्या भावजींएवढा इंजिनावर जीव टाकणारा माणूस अख्ख्या मालवणात दुसरा नव्हता, आणि असता तर तो भावजींनी टिकू दिला नसता. माणसं देवाला हात जोडून घराबाहेर पडतात. भावजी आधी मोटारसायकलीच्या टाकीवर हात फिरवायचे, मग देवाला आणि वेळ उरला तर आमच्या अक्काला 'येतंय गो' म्हणायचे. गाडी जुनी, विलायती, गोव्याहून कुणाच्या तरी माडीखालून उचलून आणलेली. तिला दोन सिलिंडर आणि दोन कार्ब्युरेटर. इंजिनाला पेट्रोल आणि हवा पाजणारी ही दोन तोंडं सारखी ओढायला हवीत, नाहीतर गाडी एका पायाने लंगडते, हे मला भावजींनी लग्नाच्या मांडवातच समजावून सांगितलं होतं. मी करवली होते. मला अक्षता शोधायच्या होत्या.

पुढे मला मालवणच्या शाळेत नोकरी लागली आणि मी अक्काकडेच राहायला आले, तेव्हा हे प्रकरण जवळून पाहता आलं. भावजी सरकारी कचेरीत कारकून. जिल्हा वेगळा झाल्यावर कचेरी ओरोसला गेली आणि ते रोज गाडीवरून ये-जा करू लागले. कचेरीत ते अगदी छापील मराठी बोलत. गाडी घाटी चढून घराच्या खळ्यात, म्हणजे अंगणात आली, की पुन्हा मालवणी. त्यांचा कान हा गावाचा अभिमान होता. वळणापलीकडून येणारी स्कूटर कुणाची आणि तिचा प्लग कधी साफ केलेला नाही हे ते जेवता जेवता सांगत. भजनात कुणाचा पखवाज किंचित उतरला, की अभंग थांबवून स्वतः उठत. आणि कार्ब्युरेटर लावताना रबराच्या नळीचं एक टोक कानात, दुसरं कार्ब्युरेटरच्या तोंडाशी धरून, डोळे मिटून, दोन्हीकडची फुसफुस ताडून बघत. त्या वेळी खळ्यात कोंबडीसुद्धा पाय वाजवत नसे.

मग एका वर्षी त्यांना काय झालं कोण जाणे, त्यांनी ती रबराची नळी फेकून दिली आणि जाहीर केलं, "कानार इस्वास ठेवचो नाय. डोळ्यांनी दिसाक व्हया." गवंडी लेव्हल बघायला वापरतात तसली पारदर्शक नळी त्यांनी आणली, फळीवर ती इंग्रजी यू अक्षरासारखी ठोकली, तळाशी पातळसं काहीतरी भरलं आणि वरची दोन टोकं दोन कार्ब्युरेटरांच्या मागे जोडली. जो जास्त ओढेल त्याच्या बाजूला रस वर चढणार. दोन्ही बाजू एका रेषेत आल्या, की गाडी जुळली. कल्पना सरळ होती. पण पाणी नळीत दिसेना, म्हणून त्यांनी अक्काच्या बरणीतलं कोकमाचं आगळ ओतलं. रंग झकास दिसला, पण गाडी सुरू होताच ते सगळं आगळ इंजिनाने घटाघट पिऊन टाकलं आणि वाडीभर सोलकढी करपल्याचा वास पसरला. मग गाडीचंच जाड तेल आलं. ते उड्या मारू लागलं, तर त्याला आवर घालायला बारीक भोक हवं म्हणून दोन्ही टोकांत स्टोव्हचे निपल बसवले. एक नवा होता. दुसरा आमच्या स्टोव्हचा होता, हे मला सकाळी शाळेच्या घाईत कळलं.

ह्याच सुमारास त्यांचा विक्षिप्तपणाही भलताच बहरला. भजन त्यांनी सोडलं. बुवांचा सूर आता ऐकवत नाही म्हणाले. अक्का दारातून विचारी, "पान वाडू?" तर खळ्यातून उत्तर येई, "नको, पानो माझ्याच हातात आसा!" मी विचारलं, "भावजी, चहा?" तर म्हणाले, "दहा नको, बारा नंबरचो दी." आम्हाला वाटे, काय हा हजरजबाबीपणा! मी शाळेत जाऊन हे किस्से रंगवून सांगायची. कचेरीतून येताना वाटेत कुणी हाक मारली तर ते थांबत नसत. गाव म्हणे, जिल्ह्याच्या ठिकाणी गेले, मोठे झाले.

मे महिन्याच्या सुट्टीत मी तळेऱ्याजवळ माहेरी गेले होते. आई अंथरुणाला खिळलेली. तिने अक्काचं नाव घेतलं, म्हणून मी शेजाऱ्याकडून मालवणला निरोप धाडला. अक्का दुसऱ्या दिवशी दुपारी एस्टीने आली, धुळीने माखलेली. मी तिला आणायला फाट्यावर गेले होते. आदल्या संध्याकाळीच ती गाडीवरून येईल असं मला वाटलं होतं.

"भावजी खंय?" मी विचारलं.

"फळयेर नळी ठोकतत. मी दारात रवान इचारलंय, आवशीक बघूक माका आत्ताच्या आत्ता सोडशात? तेंनी मान वर करूक नाय."

"परत विचारायचं होतंस."

"एकदा इचारलंय मां? मी काय भिकारीण?"

त्या दिवशी सकाळीच आईची वाचा गेली होती. अक्का तिचा हात धरून बसली. आईने तिला ओळखलं की नाही, हे आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. ती गेली तेव्हा भावजी धावत आले, सगळं केलं, कोपऱ्यात उभे राहून रडले. अक्काने त्यांच्याकडे पाहिलं नाही. आणि मालवणला परतल्यावर तिने त्यांच्याशी बोलणंच बंद केलं. भांडण नाही, आदळआपट नाही. ताट वाढायची, पाणी ठेवायची, तोंडातून अक्षर नाही. भावजी तिच्या तोंडाकडे टक लावून बघत आणि मग खळ्यात जाऊन फळी घासत बसत. मला दोघांचाही राग यायचा.

वर्ष उलटलं. एका रविवारी दुपारी यंत्र अखेर पुरं झालं. भावजींनी फळी गाडीपासून लांब, चाफ्याच्या खोडाला टांगली, लांबलचक नळ्या जोडल्या आणि गाडी सुरू केली. अक्का ओट्यावर कोकमाची सोलं वाळत घालत होती, मी वह्या तपासत होते. तेल एका बाजूला चढलेलं. भावजींनी स्क्रू पिळला, धावत झाडाशी गेले, परत आले, पुन्हा पिळला, पुन्हा झाडाशी गेले. तेवढ्यात गाडीला दोन उचक्या लागल्या आणि ती बंद पडली. पेट्रोल संपलं होतं. इंजिनच थांबलं म्हटल्यावर दोन्हीकडची ओढ गेली आणि तेल हळूहळू खाली येऊन एका रेषेत उभं राहिलं.

गाडीकडे पाठ करून उभ्या भावजींनी दोन्ही हात वर केले. "जमला! बघा गो, बघा! तेल हलणा नाय!" मग मान कलती करून, डोळे मिटून, पूर्वीच्याच ऐटीत म्हणाले, "आणि आवाज आयका, आवाज! कसो एकसारखो!"

खळ्यात चिटपाखरू बोलत नव्हतं. मला हसू फुटलं, तोच अक्काने माझं मनगट घट्ट धरलं. ती उठली, खाली उतरून त्यांच्या मागे जाऊन उभी राहिली.

"अवो," ती म्हणाली. वर्षभरातला पहिला शब्द.

भावजी डोळे मिटून उभेच.

"अवो! गाडी बंद पडली!" ती ओरडली. शेजारची बाई कुंपणाशी आली. भावजी वळले नाहीत.

मग ती त्यांच्या पुढ्यात गेली. तिचा चेहरा पाहून त्यांनी हात खाली घेतले, गाडीकडे गेले, टाकीवर तळवा ठेवला. टाकी थरथरत नव्हती.

"आयकाक येणा नाय, ता कचेरीत कळला असता तर काय म्हटला असता?" ते टाकीकडे बघतच म्हणाले. "म्हणान खंय बोललंय नाय. बाकीच्यांचा थोडा थोडा कळता माका. तुझा तर वर्षभर एक अक्षर नाय. माका वाटला, देवान तुझोच आवाज पयलो नेल्यान."

त्याच आठवड्यात अक्काने त्यांना गोव्याला डॉक्टरकडे नेलं.

डॉक्टरांनी आधी का आला नाहीत म्हणून फैलावर घेतलं आणि एक यंत्र दिलं. शर्टाच्या खिशात ठेवायची डबी, तिच्यातून कानात गेलेली वायर. ते लावल्यावर अक्काचा आवाज भावजींना चांगला ऐकू येऊ लागला, तेव्हा त्यांना नवंच कोडं पडलं.

"म्हणजे तू बोलतच नाय होतंस?"

"नाय."

"कित्याक गो?"

अक्का कोलंबी सोलत होती. तिने मान वर केली नाही. "आता आठवणा नाय," ती म्हणाली.

भावजी खूश झाले. कान वाटले तेवढे वाईट नव्हते, ह्यातच त्यांना समाधान. ते गेले त्याला आता बरीच वर्षं झाली, नाहीतर हे मी लिहिलं नसतं. अक्का मुळात मितभाषी, पण पुढे ती त्यांच्याशी दिवसभर बोलायची, तेही त्यांच्या तोंडाकडे बघून नव्हे, खिशाकडे वाकून. बांगडे महाग झाले, माडाला किडा लागला, सगळं त्या खिशाला सांगायची आणि ते मान डोलवायचे. फक्त माझ्याशी बोलता बोलता आईचा विषय निघाला, की ती उठून त्या खिशापासून लांब, माझ्या बाजूला येऊन बसायची आणि आवाज अगदी खाली उतरवायची.