टाकीला लावलेला साबण

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, पोरींना नाही. गावदेवीपुढे हात जोडले तेव्हा मनातल्या मनातसुद्धा नाही. ही जाऊन दुसरं वर्ष लागलं. आता घरात बोलायला कुणी नाही म्हणून लिहितोय, असं समजू नका. घरात माणसं होती तेव्हाही माझं तोंड बंदच होतं.

चौथी शिकलेला माणूस आहे, सरळ लिहितो. — सरळ म्हणतोय, पण फिरूनच येणार आहे. बघा.

वडप्याला आमचं घर. नव्वद सालाच्या पुढे मी एक जुनी व्हॅन घेतली होती. दोन मालकांनी वापरून झालेली, पत्रा खालून गंजलेला. सकाळी मी मागची सीट काढून सुताच्या गोण्या लूमवर पोचवायचो. दुपारनंतर सीट लावून धामणकर नाक्यावरून बाळाराम माणसं भरायचा. बाळाराम म्हणजे हिचा धाकटा भाऊ, दापोड्याचा. हिने त्याला कडेवर खेळवलेला. मला दाजी म्हणायचा.

माझी सवय अशी, की पेट्रोल लागेल तेवढंच टाकायचं. टाकी कधी अर्ध्याच्या वर जाऊ दिली नाही. बाळाराम उलटा. पंपावर रांग असते, रोज कोण उभा राहील, म्हणून तो गळ्यापर्यंत भरून आणायचा. गाडी संध्याकाळी आमच्या अंगणात लागायची. सकाळी मी चावी फिरवली की काटा अर्ध्यावर.

एकदा झालं, दोनदा झालं. मग मी काट्याच्या काचेवर पेनाने रेघ मारून ठेवली. मी भरलेलं पेट्रोल रेघ सोडत नव्हतं. बाळारामने भरलेलं मात्र सकाळी गायब. आता तुम्हीच सांगा, तुम्हाला काय वाटलं असतं? — नाही, ते सोडा. मला काय वाटलं ते सांगतो. मला बरं वाटलं. मला आधीपासूनच वाटत होतं की हा पोरगा फार हसतो, फार गोड बोलतो, कुठेतरी पाणी मुरतंय. आता पुरावा मिळाला.

मग मला सगळीकडे पुरावेच दिसायला लागले. त्याच्या पायरीवर रबराची नळी दिसली. ती माडाला पाणी घालायची होती, पण मला ती पेट्रोल ओढायची वाटली. त्याने नवी चप्पल घेतली, मी चपलेकडे बघत बसलो. तो जेवायला आमच्याकडे बसला की शर्टाला वास येतो का, म्हणून मी वाढायच्या निमित्ताने वाकायचो. वास यायचा. का नाही येणार? गळक्या गाडीत बसणाऱ्याच्या कपड्यांना वास येणारच. माझ्याही यायचा. माझा मी कधी हुंगला नाही.

ही एकदा अंगण झाडता झाडता म्हणाली, "गाडीच्या खाली वास येतोय वो. बघा तरी जरा."

"तुझ्या भावाच्या शर्टाला पण येतोय," मी म्हणालो. "तो पण बघू का?"

तिने झाडू तिथेच टाकला आणि आत गेली. ती खरं बोलत होती. मला वाटलं, भावाला झाकतेय.

आमच्याकडे चोरीचा आळ आला की गावदेवीपुढे नारळ उचलायचा. खोटा उचलला तर देवी वर्षाच्या आत दाखवते, असं मानतात. मी चार माणसं जमवली आणि बाळारामला बोलावलं. बहिणीच्या गावात, बहिणीच्या देखत. तो आला. आधी हसला, मग माझं तोंड बघितलं.

"दाजी, गाडी नका देऊ," तो म्हणाला. "पन हे नका करू. ताई बघतंय."

"उचल," मी म्हणालो.

त्याने उचलला. "मी न्हाय काढला," एवढंच बोलला. नारळ ठेवला, गाडीची चावी नारळाच्या बाजूला ठेवली आणि पायी दापोड्याला गेला. घरी आल्यावर मी हिला म्हणालो, चोराला नारळ काय जड असतो? ही महिनाभर माझ्याशी कामापुरतं बोलली. पण भावाकडे जायची राहिली नाही. दर सोमवारी डबा घेऊन जायची, मला सांगून जायची.

इथवर माझी चूक होती. माणूस चुकतो. मला जे सांगायचंय ते याच्या पुढचं आहे.

पावसाळा सरल्यावर नाशकाला एका व्यापाऱ्याकडे माल न्यायचा होता. लांबचा पल्ला, म्हणून पहिल्यांदाच मी टाकी पूर्ण भरली. सकाळी बघतो तर काटा अर्ध्यावर. माझ्या मनात पहिलं काय आलं असेल? बाळाराम येऊन काढून गेला. गाडी नाही, चावी नाही, तीन कोसांवर राहतो — तरी तोच. पायाचे ठसे दिसतील, नळीचा वण दिसेल, म्हणून मी गाडीखाली आडवा शिरलो.

कपाळावर थेंब पडला. गार.

व्हॅनची टाकी म्हणजे पत्र्याची दोन ताटं एकमेकांवर उपडी घालून कडेने जोडलेली. तो मधला जोड एका बाजूने गंजून गेला होता. पेट्रोल जोडाच्या खाली असेल तोवर काही नाही. वर गेलं की थेंब थेंब, जोडापर्यंत येईतो. खाली माती, मातीत मुरणार आणि उडून जाणार. मी अर्धी भरायचो, तो पूर्ण भरायचा. एवढाच आमच्यातला फरक.

किती वेळ तिथे पडून होतो कुणास ठाऊक. मग उठलो आणि हिच्या धुण्याच्या दगडावरचा साबण उचलला. गॅरेजवाले करतात तसं तो ओला करून जोडावर घासघासून भरला. गळती थांबली. साबण पेट्रोलला दाद देत नाही.

"साबन कुठं गेला?" हिने विचारलं.

"कावळ्याने नेला असेल," मी म्हणालो.

त्या दिवशी सांगता आलं असतं ना? नुसतं बोट दाखवायचं होतं गाडीखाली. पण चार माणसांपुढे नारळ मी उचलायला लावला होता. तेच चौघे नाक्यावर मला राम राम करत होते. मी म्हटलं, उद्या सांगू.

त्या उद्यामध्ये बाळाराम दापोड्याला ट्रकमधून गठ्ठे उतरवताना पडला. पाय मांडीत मोडला, तो नीट बसलाच नाही. गाडी काढून घेतली म्हणून तो हमालीला लागला होता, हे कुणी बोललं नाही. सगळे म्हणाले, देवीने दाखवलं.

ही उंबऱ्यावर बसली होती. सोमवारचा डबा भरलेला, मांडीवर तसाच. म्हणाली, "म्हंजे त्यानं खरंच काढला का वो?"

मला माहीत होतं. साबण लावून पंधरा दिवस झाले होते. आणि मी म्हणालो, "देवीला सगळं कळतं."

ती उठली आणि डबा गाईपुढे ओतला. त्यानंतर ती दापोड्याला गेली नाही. मोडलेला पाय बघायलासुद्धा नाही.

पुढल्या वर्षी मी गाडी विकली. घेणाऱ्याला सांगितलं, टाकी अर्धीच भरत जा, जोड गळतो. त्याला सांगितलं. परक्याला.

शेवटच्या आजारपणात हिने एकच सांगितलं. नवऱ्याच्या आधी बाई गेली की माहेरची साडी अंगावर घालतात. ती म्हणाली, "बाळारामची साडी नको. चोराची साडी नेसून मला जायचं न्हाय." मी तिचा हात धरून होतो. मान हलवली. बोलायला तोंड होतं, आम्ही दोघंच होतो, तिला ऐकूही येत होतं.

ती गेली त्या दिवशी बाळाराम आला, लंगडत, पिशवीत हिरवी साडी घेऊन. मी दारातच अडवलं. म्हणालो, तिने नको म्हटलंय. का नको, हे त्याने विचारलं नाही. पिशवी ओट्यावर ठेवली आणि तिला उचलेपर्यंत रस्त्याच्या पलीकडे उभा राहिला.

पिशवी खुंटीला आहे. मी ती उघडलेली नाही. बाळारामने पेट्रोलचा एक थेंब काढला नव्हता. हे मला ठाऊक होतं, आणि त्याची बहीण ते न कळता गेली.