एक मात्रा जास्त

ओसाकातल्या एका व्यावसायिक फुटबॉल क्लबच्या विश्लेषण कक्षात मी काम करते. दर वसंतात विद्यापीठांतून निवडलेले नवे खेळाडू येतात. त्यांचा सराव पाहायचा आणि कोणी मुख्य संघात राहावे, कोणाला वर्षभर खालच्या विभागातल्या क्लबकडे पाठवावे, यावर मत द्यायचे. पुण्यात मी कवितेच्या वृत्तांवर वाढले. ओळीत एक मात्रा जास्त झाली की कान अडखळतो. चेंडूचेही तसेच असते, हे मला इथे कळले.

गेल्या वर्षी एका बचावपटूविषयी मी आमच्या मुख्य निवडकर्त्याला सांगितले होते, की चेंडू येण्याआधीच हा मान वळवून मागे पाहतो, याला सोडू नका. बैठकीत त्याने तेच शब्द स्वतःचे म्हणून उच्चारले. मी समोरच बसले होते. बाहेर आल्यावर जाब विचारला, तर तो हसला.

"क्रिकेटच्या देशातल्या बाईंचं मत आहे म्हणालो असतो, तर कोणी ऐकलं असतं? उलट आभार माना."

त्याच्या तोंडाला पुदिन्याच्या गोळीचा गार वास होता. तो वास मी वर्षभर जपला.

यंदा त्याने स्वतःच्या विद्यापीठातला एक आघाडीपटू आणला. देखणा, वेगवान, गोलांची रास लावलेला. पण चेंडू डाव्या पायाकडे आला की तो एक जास्तीचा स्पर्श करून त्याला उजव्या पायावर घेई. विद्यापीठाच्या सामन्यांत तेवढी उसंत मिळते. इथे तेवढ्यात बचावपटू अंगावर येतो.

इथे बैठकीत काहीच ठरत नाही. मोठे झाड हलवण्याआधी मुळांभोवतीची माती सैल करतात, तसे आधी एकेकाला गाठून हळूच मत पेरायचे असते; बैठक हा नुसता उपचार. या कामात निवडकर्त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. पण यंदा स्वतःच्या शब्दावर त्याचा इतका भरवसा, की तो ही फेरी न घालताच तोक्योला सामने पाहायला निघून गेला.

मग ती फेरी मी घातली.

मलमाच्या उग्र वासाने भरलेल्या उपचारखोलीत संघाच्या डॉक्टरांना गाठले, पेयांच्या यंत्रापाशी मुख्य प्रशिक्षकांना. मत दिलेच नाही. मी एवढेच म्हणाले, "त्या नव्या आघाडीपटूच्या डाव्या पायावर पास द्यायला लावा आणि डोळे मिटून ऐका."

"डोळे मिटून? हे फुटबॉल आहे की ध्यानधारणा?" प्रशिक्षक हसले.

दुसऱ्या सकाळी दमट वाऱ्यात ते खरोखरच डोळे मिटून उभे राहिले. टप्, टप्. जिथे एक नाद हवा, तिथे दोन. ते पुन्हा हसले नाहीत.

घरी नवरा म्हणाला, "अगं, एवढा राग आहे तर तोंडावर बोल ना सरळ."

"तोंडावर बोलले की इथे तोच जिंकतो."

बैठकीत निवडकर्ता भरभरून बोलला. कोणीही विरोध केला नाही. प्रशिक्षकांनी फक्त दातांमधून श्वास आत ओढला, मग डॉक्टरांनी. त्या बारीक शीळेने खोली थंड झाली. या आवाजाचा अर्थ इथे सगळ्यांना कळतो: नकार. त्याचे कान आधी गुलाबी, मग लालबुंद होताना मी सावकाश पाहिले, पिकणारे फळ पाहावे तसे.

"वर्षभर बाहेर खेळू दे त्याला," प्रशिक्षक म्हणाले. "तुम्ही आणलंत, तुम्हीच त्याला सांगा. आणि डाव्या पायाचं या बाईंनी ओळखलं, हे सर्वांनी लक्षात घ्या."

त्या खेळाडूचे त्यात हितच होते. पण मी ते त्याच्या हितासाठी केले नव्हते.

पुढच्या आठवड्यात निवडकर्ता माझ्या टेबलापाशी आला. एका नव्या गोलरक्षकाची चित्रफीत आणली होती. कमरेत वाकून म्हणाला, "बैठकीआधी तुमचं मत कळलं असतं, तर बरं झालं असतं."

शेजारची खुर्ची रिकामी होती. मी त्याला बसा म्हटले नाही.

"सांगेन की," मी म्हणाले. "बैठकीत. सर्वांसमोर."