सुमनच्या रसाची शेवटची बाटली

डॉक्टरनं बाहेर येऊन सांगितलं तेव्हा मी दवाखान्याच्या बाकावर बायकोच्या, सुमनच्या चपला मांडीवर घेऊन बसलो होतो. तो म्हणाला, "बाबूजी, नहीं रहीं." मी म्हटलं, मग या चपला कोणाले देऊ? ... त्याले मराठी समजली नाही, बरंच झालं.

आता लोक मले सांगून राहिले की गेलेल्या माणसाचं चांगलं तेवढं आठवावं. मी आठवीपर्यंत शिकलेला, जसं आठवते तसं लिहितो. सुमनचं सगळं चांगलंच आठवते. पण तिच्यासंगं जे वाईट झालं तेही आठवते, अन् ते मी सोडणार नाही.

भिलाईत कॅम्प-1 मधल्या आमच्या घरामागं तिनं लावलेला आंबा आहे. उन्हाळ्यात फळं एकदम पिकत. मग ती रस काढे, साखर-लिंबू घालून उकळे, गरम गरमच काचेच्या बाटल्यांत भरे अन् झाकणं लावे. मोठ्या पितळी गंजात तळाशी जुनं लुगडं अंथरून त्या बाटल्या पाण्यात पुन्हा उकळे. माझा जन्म कारखान्यात भट्टीवर गेला, पण तिच्या स्वयंपाकघरातली गरमी मले सोसे ना. "बाहेर बसा, कावून मधात येऊन राहिले?" ती ओरडे. बाटल्या थंड झाल्या की एकेक झाकण अंगठ्यानं दाबून पाही. हललं नाही, म्हणजे रस दिवाळीपर्यंत पक्का. हललं, तर ती बाटली त्याच दिवशी आमच्या पोटात. कोणाले बाटली देली की बजावे, "उघडली की फ्रिजात ठेवजा, दोन दिवसांत संपवजा."

प्रमिला म्हणजे तिची दुर्गची भावजय. एका दिवाळीले नेलेली बाटली तिनं उघडली, अर्धी खाल्ली, उरलेली तशीच कपाटात ठेवली अन् काही दिवसांनी पोरीच्या साखरपुड्यात वाढली. रस फसफसला होता. भर पंगतीत म्हणाली, "ताईनं सडका रस देला बाप्पा! ठेवून ठेवून विष करते." सुमन तिथंच पुऱ्या वाढत होती. परात खाली ठेवली अन् बाहेर आली. ऑटोत एवढंच म्हणाली, "मी सांगितलं होतं ना तिले?" ... त्यानंतर दर उन्हाळ्यात बाटल्या भरल्या, पण कोणालेच देल्या नाहीत. आम्ही दोघंच खाऊ.

तेरवीले मी यंदाच्या सगळ्या बाटल्या काढल्या, एक सोडून. पावसाळा सरता सरता आमरस! पंगत चाट पडली. प्रमिलानं वाटी चाटूनपुसून संपवली. "भाऊजी, कोणत्या दुकानातला हो? लय भारी आहे. अजून द्या ना."

याचीच वाट पाहून राहिलो होतो. तिची वाटी काठोकाठ भरली अन् टोकाच्या माणसाले ऐकू जाईल असं बोललो, "तोच होय वहिनी, सुमनचं विष. घ्या, पोटभर घ्या."

सगळ्यांचे हात थांबले. तिले वाटी ना खाली ठेवता येई, ना तोंडाले लावता येई. मेहुण्यानं मले बाजूले ओढलं. "भाऊजी, तेरवीत असं बोलावं का?"

"मग साखरपुड्यात बोलावं का?" मी म्हटलं.

सुमन असती तर मलेच रागावली असती. रागावू दे. ती गप्प राहिली, म्हणून मीही राहू काय?

आता प्रमिला रविवारी डबा घेऊन येते. भाजी चांगली करते, मी खातो. तिची नजर फळीवरच्या त्या एका बाटलीवर असते. मी बाटली मुद्दाम समोर ठेवली आहे. परवा रडली. "भाऊजी, चुकलं माझं. ताईच्या हातचं एकदा ... चमचाभर तरी द्या."

"उघडली की संपवा लागते, वहिनी," मी म्हटलं. "तुमाले तवा सांगितलं होतं."

ती गेली की मी बाटली खाली घेतो, पुसतो, झाकणावर अंगठा दाबून पाहतो. अजून हलत नाही.